पाच मार्कांचा प्रश्न



दहावीला भूगोलात ‘सागरी लाटांचे कार्य’ हा पाच मार्कांचा हमखास प्रश्न. आकृतीसकट पाठ होता माझा. पण धूप म्हणजे काय, ते कळलं इंग्लंडमध्ये, एका आजींच्या परसात.

नोकरीनिमित्त मी यॉर्कशरमध्ये राहते. तिथल्या होल्डरनेस किनाऱ्याला आपल्या कोकणासारखा कातळ नाही. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या चिकणमातीचे कडे आहेत. पावसाचं पाणी मुरून वर भेगा पडतात, लाटा पायथा कोरतात आणि कडा ढासळतो. पडलेली मातीही लाटा धुऊन नेतात, की पायथा पुन्हा उघडा. वर्षाला सरासरी २ मीटर जमीन जाते. रोमन काळापासून कित्येक गावं समुद्रात गेली आहेत.

या आजी म्हणजे माझ्या सहकाऱ्याची आई. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घर आणि कडा यांच्यामध्ये अख्खं शेत होतं. मी गेले तेव्हा दारापासून १९ पावलं उरली होती. दर रविवारी त्या मोजायच्या. अशा घराला गिऱ्हाईक मिळत नाही. घर गेलं तर सरकार त्याची किंमत देत नाही.

मी पडले इंजिनिअर. लगेच विचारलं, “मग भिंत का नाही बांधत?”

आजी म्हणाल्या, “आधी मॅपलटन बघून ये.”

मॅपलटनला १९९१ साली नॉर्वेहून ग्रॅनाइट आणून दोन दगडी बांध समुद्रात घातले. गाव वाचलं, रस्ता वाचला. पण किनाऱ्यालगत दक्षिणेकडे सरकणारी वाळू तिथेच अडली. पुढे काउडनच्या बाजूला पुळण रोडावली, लाटा थेट कड्याला भिडल्या आणि तिथली धूप वाढली.

परत आले तर आजींनी एवढंच विचारलं, “माझं घर वाचवायला कुणाचं घालवायचं?”

मला उत्तर देता आलं नाही.

गेल्या वर्षी ११ पावलं उरली, तेव्हा त्या मुलाकडे राहायला आल्या. येताना दारातलं गुलाबाचं झाड मुळासकट घेऊन आल्या.

आपल्यातले काही जण आज बांधकाम खात्यात आहेत, काही पंचायतीत. कोकणातही धूपप्रतिबंधक बंधारे होतात. त्या कागदावर सही करण्याआधी वाळू कुठून येते, कुठे जाते आणि पुढच्या वाडीचं काय होईल, एवढं जरूर विचारा.

बाई, तुम्ही मला पाचपैकी पाच दिले होते. एक मार्क कापा. माझ्या आकृतीत कड्यावर घर नव्हतं.