जातं गेलं, शिफ्ट आली

आम्ही लवासाकडच्या बायका बोलतोय. आमच्यातल्या काही जणी हॉटेलांत साफसफाई करतात, काही पिरंगुटच्या कंपन्यांत पॅकिंगला जातात. आज बोलायचंय ते कष्टाच्या गाण्याबद्दल.

आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या. दळता दळता ओवी यायची. माहेर, भाऊ, सीतामाई, सासरचा जाच, सगळं त्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या मुळशी-मावळातल्या गावांतून आणि पुढं महाराष्ट्रभरातून या ओव्या जमवल्या. एक लाखाच्या वर भरल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांची कला कागदावर आली. मग विजेची चक्की आली नि जातं बाजूला पडलं. बरंच झालं म्हणा, खांदे भरून यायचे.

पण कंपनीत ओवी येत नाही. जातं आपल्या हातानं फिरायचं, तिथं मशीन आपल्याला फिरवतं. आवाजात शेजारणीचं बोलणं कळत नाही. शिवाय डोक्यात हिशोब चालूच: कंपनीची बस, पोरांचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, म्हशीची वैरण, बचत गटाचा हप्ता.

कारखान्यावर कविता झाल्याच नाहीत असं नाही. नारायण सुर्व्यांना एका गिरणी कामगार जोडप्यानं वाढवलं. ते स्वतः गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग मास्तर. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह १९६२ चा. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंगला, रीलिंगला बायकाही होत्या. कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. तरी गिरणगाव म्हटलं की डोळ्यांपुढं डबा घेऊन निघालेला बाप्याच येतो. डबा भरला कुणी?

जून २०२१ मध्ये आपल्या उरवड्याच्या कारखान्यात आग लागली. गेलेल्यांत बहुतेक बायाच होत्या. बातमीत आकडा आला. त्यातली कोण गौरीच्या खेळात पुढं असायची, कुणाचा गळा गोड होता, ते आकड्यात कुठून येणार?

म्हणून आम्ही परतीच्या बसमध्ये ओव्या जुळवतोय. तेवढाच वेळ आपला. पहिली ओळ सगळ्यांना सुचते, दुसरीला गाडी अडते. शिफ्टला यमक काय जोडायचं, यावर परवा घाट उतरेस्तोवर भांडण झालं. तुम्हाला काही सुचलं तर मोबाईलवर म्हणून ठेवा आणि केंद्रावर आणून द्या. सूर चुकला तरी चालेल.