आजीचा पहारा

 

मंडळी म्हणाली, महाराज, दिंडीला शंभर वर्षं झाली, दोन शब्द बोला. आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. 1972 च्या दुष्काळात शाळा सुटली अन् खडी फोडायला गेलो. कीर्तनाला उभे राहतो ते आजा-आजीच्या पुण्याईवर. म्हणून त्यांचंच सांगतो.

अजिंठ्याचं नाव लेण्यांनी जगात गेलं. आमचं लहानपणीचं जग म्हणजे विहीर, मोट अन् विठ्ठलाचं देऊळ. आज्याला आम्ही बाबा म्हणायचो. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ज्ञानोबारायांचा हरिपाठ तोंडपाठ. तो त्यांनी आम्हाला मोटेवर शिकवला. बैल धावेवरून उतरायचे, मोट वर यायची, तेवढ्यात बाबा एक चरण म्हणायचे. बैल मागं सरले, मोट खाली गेली की तेच आम्ही म्हणायचं. चुकलं की बाबा बैल उभे करायचे. पाटाचं पाणी तुटायचं. मग खाली दारं धरणारी आजी ओरडायची, "पुन्यांदा चुकला का रं?" अन् तिथूनच बरोबर चरण म्हणायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. दारं धरता धरता ऐकलेलं.

आम्ही चौथीत असतानाची, दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. गावात सप्ता बसला होता. सप्त्यात वीणा सात दिवस खाली ठेवायची नाही, हे तुम्हाला सांगायला नको. रात्री दोन ते चारच्या पहारेकऱ्याला ताप भरला. बाबा म्हणाले, "आमचं पोरगं उभं राहील." आम्हाला कोण आनंद! गळ्यात वीणा आली तेव्हा ती आमच्यापेक्षा उंच वाटली.

तासभर उभे राहिलो. जोडीचा टाळकरी बैलांना वैरण टाकून येतो म्हणून गेला. आम्ही खांबाला टेकलो, मग बसलो. पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा कंदिलाच्या उजेडात आजी उभी होती. सडा टाकायला आली होती, शेणाचं घमेलं पायरीवर तसंच. हात धुतलेले, लुगड्याचा पदर खोचलेला, गळ्यात वीणा, तोंडानं बारीक आवाजात नाम. त्या काळी आमच्या गावात बायामाणसांना पहारा देत नसत. तेवढ्यात बाबा आले, चारचा पहारा त्यांचा. आम्ही डोळे मिटून घेतले, पण थोडे किलकिले ठेवले.

बाबा म्हणाले, "कधीपासून?"

आजी म्हणाली, "लेकराला उठवू नका."

वीणा घेताना विणेकऱ्याच्या पाया पडायचं असतं. आम्हाला वाटलं, बाबा तशीच घेतील. बाबांनी पटका सारखा केला, वाकले अन् आजीच्या पायावर डोकं ठेवलं. आजीनंही वाकून नमस्कार केला, वीणा दिली, घमेलं उचललं अन् सडा टाकायला लागली.

दोघंही पुढं त्यावर कधी बोलले नाहीत. आम्हाला कोणी रागावलं नाही, तेच जड गेलं. मोठेपणी एकदा आजीला विचारलं, "वीणा भुईला टेकली होती का?" ती म्हणाली, "तुझ्या मांडीवर होती बाबा." खरं बोलली का आमच्यासाठी बोलली, पांडुरंगाला ठाऊक. पन्नास वर्षं कीर्तनं केली, पण लाजेपायी हे कुठं सांगितलं नाही.

आता या ग्रंथात जुन्या वहीतली पहाऱ्यांची यादी छापली आहे. त्या रात्री दोन ते चारला आमचं नाव आहे. ते खोडून आजीचं घाला, असं आम्ही मंडळींना म्हटलं. ते म्हणाले, महाराज, पानं छापून झाली. मग म्हटलं, निदान हे बोलणं तरी छापा.

रामकृष्ण हरी.