पोरांच्या खोड्या आणि फौजदार

शाळा म्हटली की खोड्या आल्याच. कुणी गुरुजींच्या फटफटीची हवा सोडतो, कुणाची कंपासपेटी नाहीशी होते, मधल्या सुट्टीत दोघे एकमेकांच्या उरावर बसतात. अशा गोष्टींचा निकाल शाळेच्या ओसरीवरच लागायचा. आता कुठेकुठे निराळेच ऐकू येते. ‘पोलिसांत देतो बघ!’ ही नुसती धमकी राहत नाही, खरोखरच ठाण्याला फोन जातो आणि आवारात जीप येऊन उभी राहते. त्याविषयी आज चार शब्द बोलायचे आहेत, मुख्यतः शिक्षक बंधुभगिनींशी. पण आईबापांनीही कान द्यावा.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडी बंद केली, आठवीपर्यंत नाव काढून टाकण्याचीही सोय ठेवली नाही. वर्गात साठ पोरे, आणि वर गावकऱ्यांचा धोशा, की गुरुजी, यांना वचक कसा तो नाही! मग माणूस उसना धाक आणायला धावतो. पण उसना धाक जीपबरोबर येतो आणि जीपबरोबरच जातो. मागे राहतात ते गुरुजी, आणि पोरांनी एवढे मात्र ओळखलेले असते, की यांच्या हातात काही नाही.

बरे, कायदा तरी काय म्हणतो? सात वर्षांच्या आतल्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा नव्हे, आणि सात ते बारा या वयात आपण काय केले ते समजण्याइतकी जाण मुलाला आली होती का, हे आधी पाहावे लागते. १८६० च्या दंडसंहितेत हे होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. पुढे अठरा वर्षांपर्यंत २०१५ चा बाल न्याय कायदा. त्याखालचे २०१६ चे नियम सांगतात की, अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल किंवा मोठ्या माणसांच्या संगतीने गुन्हा झाला असेल, तरच मुलावर प्रथम खबर नोंदवावी. एरवी ठाण्याच्या दैनंदिनीत टिपण करायचे आणि मुलाच्या घरची परिस्थिती बाल न्याय मंडळाला कळवायची. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेडी घालायची नाही. प्रत्येक ठाण्यात यासाठी बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा लागतो, आणि मुलांशी वागताना त्याने होता होईतो साध्या कपड्यांत असावे. म्हणजे पाहा, खुद्द कायदा खाकी उतरवायला सांगतो, आणि आपण ती शाळेत बोलावतो!

समजा, पेन चोरल्याच्या संशयावरून एखाद्या मुलाला जीपमध्ये बसवले. दोन तासांनी सोडलेही. ठाण्यात कुणी बोटही लावले नाही असे धरू. पण सगळ्या गावाने पाहिले. दुसऱ्या दिवशी पेन दुसऱ्याच्या दप्तरात सापडले, तरी ‘चोर’ हे नाव काही परत जात नाही. बहुधा ते पोर शाळेकडे फिरकत नाही, आणि पाठची बहीणही घरी बसते.

आणि पहिला संशय कुणावर जातो, बरं? पाटलांच्या नातवावर जात नाही. तो जातो ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या पोरावर, पारध्याच्या पोरावर. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीएक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्या घरात आजोबांच्या वेळेपासून पोलिसांची भीती मुरलेली आहे, तिथून शाळेत आलेले पहिले पोर जीपच्या एका फेरीत आपण परत पाठवतो.

परदेशातली एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात क्लेटन नावाचा परगणा आहे. तिथे १९९० नंतर शाळांतच पोलीस नेमले. झाले! मारामारी, गोंधळ, उलट उत्तर, सारेच कोर्टात जाऊ लागले. आधी वर्षाला पन्नासाच्या आसपास असलेली शाळेची प्रकरणे २००४ पर्यंत हजारावर गेली. मग मुलांचे न्यायाधीश स्टीव्हन टेस्की यांनी शाळा आणि पोलीस यांना एकत्र बसवून करार घडवला. किरकोळ प्रकरणात पहिल्या खेपेला ताकीद, दुसऱ्या खेपेला भांडण मिटवण्याचे शिक्षण, तिसऱ्या खेपेला कोर्ट. प्रकरणे उतरली, आणि शाळा पुरी करणाऱ्या मुलांचे प्रमाण वाढले.

याचा अर्थ सगळेच झाकून ठेवावे असा नाही हं. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणारा स्वतः शिक्षेला पात्र होतो. तिथे ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून गप्प बसणारे मुख्याध्यापक आणि पेनासाठी फोन फिरवणारे मुख्याध्यापक कधीकधी एकच असतात, हे सांगितलेले बरे. सुरा निघाला, कुणी गंभीर जखमी झाले, तरीही वाट पाहू नये.

बाकीच्यासाठी शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. येत्या बैठकीत तासभर काढा. कोणत्या गोष्टी शाळेतच मिटवायच्या, फुटलेली काच कुणी आणि कशी भरून द्यायची, दोन्हीकडच्या आईबापांना कधी बोलवायचे, हे ठरवून वहीत उतरवा. पोलीस पाटील बैठकीला आले तर उत्तमच. ठाण्यातला बाल कल्याण अधिकारी कोण, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्या आणि ते नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा.