खोलीचा कागद



बोलायचं आहे भाड्याच्या खोलीबद्दल. तुम्ही म्हणाल, आमचं घर आमचं, आम्हाला भाड्याचं काय? पण आपल्या गावातली किती पोरं पुण्याला कामाला गेली आहेत, मोजा. ती राहतात भाड्यानंच ना?

माझा धाकटा भाऊ असाच गेला. खोली ठरली. त्यानं मालकाच्या हातावर दहा हजार रुपये अनामत ठेवली. त्यासाठी आईनं दोन शेळ्या विकल्या होत्या. भावानं पावती मागितली. मालक म्हणाला, "शब्दावर विश्वास नाही का?" भाऊ लाजून गप्प बसला. वर्षानं खोली सोडली, तर मालक म्हणतो, "अनामत पाचच हजार होती." भाऊ पाच हजार घेऊन परत आला. आई काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आता खरी गोष्ट ऐका. महाराष्ट्रात भाड्याचा कायदा आहे. तो १९९९ सालचा. ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. त्याचं कलम ५५ सांगतं, की खोलीचा करार लेखी पाहिजे आणि सरकारात नोंदवला पाहिजे. अकरा महिन्यांचा असला तरी! पुष्कळ लोक म्हणतात, "अकरा महिन्यांना नोंद लागत नाही." ते चूक आहे. आणि नोंद करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. नोंदलेला कागद नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करावं लागतं. म्हणजे माझा भाऊ भांडू शकला असता! आम्हाला ठाऊकच नव्हतं.

भाडं दिलं की लेखी पावती घ्यायची. तोही कायदाच आहे. भाडेकरूला हुसकावण्यासाठी पाणी किंवा वीज तोडता येत नाही.

पण मालकाचीही बाजू आहे बरं का. शहरात बहुतेक कागद 'लिव्ह अँड लायसन्स'चे असतात. म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी. मुदत संपली की खोली सोडायची. अडून बसलात तर भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. तेव्हा मुदत कधी संपते ते आधी बघा. मग अनामत किती, ती परत कधी मिळणार, आणि मध्येच सोडायची तर किती दिवस आधी सांगायचं, हे वाचा. विजेचं बिल कोण भरणार, तेही. समजलं नाही तर पुन्हा वाचा. घाई मालकाला असते, आपल्याला नाही.

यंदा भावानं दुसरी खोली घेतली. सोबत वहिनी होती. ती गेली दोन वर्षं आपल्याच वर्गाला येत होती. कागद पुढे आला. भाऊ पेन उघडून बसला. वहिनी म्हणाली, "थांबा." एकेका ओळीवर बोट ठेवून तिनं कागद वाचला. अर्धा तास लागला. मालक दोनदा उठून बाहेर जाऊन आला. चौथ्या अटीवर तिचं बोट थांबलं. अनामतीचा आकडाच तिथे नव्हता, जागा कोरी होती. "इथं दहा हजार लिहा," ती म्हणाली. "आकड्यातही आणि अक्षरातही."

मालक कुरकुरला. पण त्यानं लिहिलं.