कागदावर नसलेली मोटार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नागपूरच्या वाडी भागातून जाताना एक दृश्य नेहमी दिसतं. कारखान्यातून ट्रकची नुसती चासी आलेली असते आणि आपले मिस्त्री तिच्यावर बॉडी चढवत असतात. चासी कंपनीची, बॉडी आपली, असा हा धंदा. माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात वाढला. मी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवत असे, तेव्हाचा हा मुलगा.

त्यानं तीन वर्षं राबून जुन्या जीपच्या चासीवर दोन माणसांची उघडी मोटार बांधली. इंजिन दुसऱ्या गाडीचं, पत्रा हातानं ठोकलेला. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी सुट्टीत ती पाहिली, किंमत ठरवली आणि इसारही दिला. पोरगा पेढे घेऊन माझ्याकडे आला. मी विचारलं, "गाडीचे कागद?" तो म्हणाला, "जीपचं आर. सी. बुक आहे ना जी, सर!"

अडचण नेमकी तिथंच होती. आर. सी. बुकात जीप होती, दारात उभी होती ती जीप नव्हती.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदलेल्या वाहनात असा बदल करता येत नाही, ज्यामुळे नोंदणीपुस्तकातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही. परवानगी घेऊन इंजिन बदलणं, गॅसचं किट बसवणं, अपंग व्यक्तीसाठी गाडी सोयीची करणं अशा मोजक्या सवलती आहेत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही या कलमाचा असाच कडक अर्थ लावला. ट्रकची गोष्ट निराळी. तिथं चासी बॉडी बांधण्यासाठीच विकली जाते आणि बॉडीसह नोंदली जाते.

मग नवी मोटार म्हणूनच नोंदवली तर? नव्या मोटारीचा नमुना पुण्याची ए. आर. ए. आय. किंवा अहिल्यानगरची व्ही. आर. डी. ई. अशा संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो. हजारो गाड्या विकणाऱ्या कारखान्याला हा खर्च सोसतो. एकच गाडी बांधणाऱ्या मिस्त्रीनं तो कसा सोसावा?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची हकीकत आठवत असेल. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बांधली, ती दुचाकीसारखी किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचं कौतुक केलं. नियमात बसत नसल्यामुळे ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी सांगितलं आणि बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत तो बदला झाला. कौतुक करणाऱ्यालाही कायदा ओलांडता आला नाही.

आता सीमेपलीकडे पाहू. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची सोय आहे. दिवे, ब्रेक, धूर, आसनपट्टे, इतकंच काय, बाहेर आलेल्या धारदार कडासुद्धा पाहतात. गाडीचं वय किंवा मूळ ठरवता आलं नाही, तर क्यू अक्षराचा नंबर मिळतो. म्हणजे घरी बांधलेल्या मोटारीसाठी तिथं दार आहे. पण त्या दारापर्यंत पोचण्यासाठी आधी आपलं दार ओलांडायला हवं.

नोंदलेली गाडी परदेशी विकायची तर निर्यातदाराचा क्रमांक लागतो, आर. टी. ओ. ची ना हरकत लागते, नोंदणी रद्द करावी लागते. मग न्हावा-शेवा बंदरात सीमाशुल्काचा कागद भरायचा. १९६२ च्या कायद्याप्रमाणे त्यातला मजकूर खरा असल्याची ग्वाही निर्यातदारानं द्यायची असते. कागदावर जीप लिहावी तर कंटेनरात जीप नाही. स्पोर्ट्स मोटार लिहावी तर तशी मोटार आपल्या दप्तरी जन्मलेलीच नाही. एका एजंटनं सुचवलं, "जीपच लिहा, कोण पाहतं?" मी पोराला म्हटलं, इसार बुडाला तरी चालेल, खोटी सही करू नकोस.

१९१० च्या सुमारास कलकत्त्यातल्या एका इंग्रज गृहस्थानं इंग्लंडहून हंसाच्या आकाराची मोटार बांधवून आणली होती. रस्त्यावर इतकी घबराट उडाली की पोलिसांनी तिला बंदी केली. पुढे ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली आणि आज हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. तिच्या काळी पोलीस फक्त घोडे बुजतात का एवढं पाहत असतील. आज समोरून येणाऱ्या स्कूटरवरच्या कुटुंबाचा जीव पाहावा लागतो, म्हणून कायदा कडक झाला. त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. एकट्या कारागिरासाठी त्यात खिडकी नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

इसार परत गेला. बायकोचे दागिने गहाण ठेवून घातलेले पैसे मात्र गाडीत अडकले. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. आता तो नुसती बॉडी बनवून माल म्हणून पाठवण्याच्या विचारात आहे. गाडीची जोडणी तिकडच्या गिऱ्हाइकानं तिकडे करायची आणि तपासणीही तिकडेच. बिलं आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो तो पहिल्या दिवसापासून जपतो आहे.

एक कबुली द्यायची राहिली. तीन वर्षांपूर्वी त्यानं पहिलं चित्र मलाच दाखवलं होतं. मी चासीची लांबी विचारली, वेल्डिंगबद्दल विचारलं आणि पाठ थोपटली. कागदांचं विचारलं नाही. आयुष्यभर मोटार शिकवली, पण मोटारीचा हा भाग शिकवायचा राहून गेला.