लोणारचे पाणी आणि आपण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या सहलीहून जिंतूरला परतताना आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या पिशव्यांत लोणारच्या धारेच्या पाण्याची बाटली होती. कोणी तळ्याकाठची चिमूटभर मातीही पदरात बांधून आणली. माझ्याही पिशवीत बाटली होती. तिच्याविषयीच चार शब्द बोलते.

लवणासुर माजला, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले आणि तिथे हे तळे झाले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावातले दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ आपण पाहिलेच. शास्त्रज्ञ सांगतात की आकाशातून पडलेल्या अशनीने काळ्या पाषाणात हा सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा पाडला. त्याचे वय पूर्वी पन्नासएक हजार वर्षे धरीत; पुढच्या संशोधनात ते साडेपाच लाखांच्याही पुढे गेले.

कमळजादेवीच्या देवळापुढची सासू-सुनेची विहीर आठवते ना? एका बाजूचे पाणी खारट, दुसऱ्या बाजूचे गोड! कोणती बाजू कोणाची, यावरून आपण किती हसलो! पण लोणारचे सारे मर्म त्या विहिरीत आहे. काठावरून धारेचे गोड पाणी उतरते. तळ्यातून बाहेर वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतो. त्यात मीठ आहे, तसाच सोडाही आहे. पूर्वी इथला खार काढून साबणाला, काचेला वापरीत. म्हणूनच ते पाणी हाताला बुळबुळीत लागते. अंगावरचा तेलकटपणा, खपल्या त्याने सुटतात, घटकाभर खाज थांबल्यासारखी वाटते. लोकांना आलेला गुण अगदीच खोटा नव्हे. पण तोच खार कातडी कोरडी करतो आणि चिरलेल्या जागी झोंबतो.

आता माझ्या मावशीची गोष्ट सांगते. तिच्या दंडावर फिकट चट्टा उठला. दुखेना, खाजेना. घरात म्हणाले, लोणारला जा. ती तीन वर्षे दर नवरात्रात गेली, धारेखाली न्हाली, माती लावली. चट्टा दुखत नाही, म्हणजे देवीची कृपा, असे आम्ही समजलो. एके दिवशी तव्याचा चटका बसला, फोड आला, तरी तिला कळले नाही. तेव्हा दवाखान्यात नेले. तो कुष्ठरोग होता. औषधाने रोग गेला; पण वाकलेली दोन बोटे तशीच राहिली. भाकरी थापताना ती बोटे दिसली की मला माझीच लाज वाटते. तिला लोणारला घेऊन जाणारी मीच होते.

यात तळ्याचा दोष नाही. दोष आपण लावलेल्या उशिराचा. ज्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तो लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळते. सहा महिने किंवा वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो. वेळेवर घेतले तर बोटेही वाचतात.

२०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाले, तेव्हा कोणी कोप म्हटला, कोणी चमत्कार. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांचा तो रंग निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत लोणारचे नाव गेले. तेव्हा एक विनंती: धारेवर साबण लावू नका, काठची माती आणू नका. धारेचे पाणी शेवटी तळ्यातच जाते.

माझी बाटली देवघरात आहे. रोज तिला हात जोडते. पण मुलीच्या अंगावर काही उठले, तर आधी दवाखाना, मग लोणार. देवी कमळजा यावर रागावेल, असे मला वाटत नाही.