न खेळलेलीं साहसें

सन १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. मेजाभोंवतीं चारपांच जणांनीं बसावयाचें, प्रत्येकानें योद्ध्याची वा मांत्रिकाची भूमिका घेऊन ‘आतां मी दार उघडतों’ असें बोलावयाचें, आणि दारापलीकडे काय आहे तें एकानें सूत्रधार होऊन सांगावयाचें. संशय पडेल तेथें निर्णय फांशांचा. संस्कृत नाटकांतला सूत्रधार प्रस्तावना आटोपून निघून जातो. हा मात्र अखेरपर्यंत जागचा हलत नाहीं.

या खेळासाठीं छापील साहसें निघूं लागलीं, आणि एक निराळाच ग्रंथसंग्राहक जन्मास आला. त्याच्या कपाटांत खेळलेलीं साहसें थोडीं, खेळावयाचीं फार. पैसा ही त्याची अडचण क्वचितच असते. पांच संसारी माणसांस एकच सायंकाळ मोकळी सांपडत नाहीं, हें खरें दुखणें.

त्याहून सूक्ष्म पेंच पुढेंच आहे. कादंबरी घेतली कीं वाचावी. साहसाचें पुस्तक तसें वाचतां येत नाहीं. सूत्रधार व्हावयाचें तर तें संपूर्ण वाचलेंच पाहिजे, आणि एकदां वाचलें म्हणजे त्यांत खेळाडू म्हणून शिरण्याचा आनंद बहुतेक कायमचा गमावला. पहिलें पान उलटतांनाच माणसानें दोहोंपैकीं एका सुखावर पाणी सोडलेलें असतें.

गायगॅक्सचें ‘टूम ऑफ हॉरर्स’ घ्या. १९७५ सालीं एका क्रीडासंमेलनांत तें खेळविलें गेलें व १९७८ मध्यें छापून निघालें. खेळाडूंस दाखविण्यासाठीं त्यासोबत निराळी चित्रें दिलीं आहेत. त्यांत भिंतींत कोरलेलें एक हिरवें राक्षसमुख आहे. जबडा उघडा, आंत काळाकुट्ट अंधार. त्या जबड्यांत शिरणाऱ्याचें काय होतें तें येथें सांगणें अनुचित होय. कोणा श्रोत्यास तो खेळ अजून खेळावयाचा असेल. या थडग्याची सारी गोडी अज्ञानांत आहे, म्हणून तें न वाचतां मित्राच्या हवालीं करावें हेंच उत्तम.

‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ (१९८४) याची तऱ्हा वेगळी. लॅरी डिटिलिओ यानें रचलेली ही कथा १९२५ सालांत घडते आणि न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय अशी फिरते. खेळाडूंच्या हातीं खरोखरच पत्रें व वृत्तपत्रांचीं कात्रणें दिलीं जातात. आठवड्यास एक बैठक धरली तरी वर्षदीड वर्ष सहज जातें. दहा साहसांचे मनोरथ रचणाऱ्यानें हें अकरावें म्हणून ठेवूं नये. घ्यावयाचें तर बाकीचीं दहा सोडावींत.

ट्रेसी व लॉरा हिक्मन या दांपत्याचें ‘रेव्हनलॉफ्ट’ (१९८३) मात्र वरील पेंच बराचसा सैल करतें. स्ट्राड नामक रक्तपिपासू सरदाराचा हा किल्ला. प्रारंभीं एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते; स्ट्राडचा हेतु कोणता, तो कोठें गांठ घालील, त्याला मारण्याचीं साधनें कोठें दडलीं आहेत, हें त्या पत्त्यांवरून ठरतें. त्यामुळें पुस्तक वाचलेल्या सूत्रधारासही पत्ते पडेपर्यंत हें ठाऊक नसतें. आणि आज सूत्रधार झालेला उद्यां खेळाडू होऊन आला, तरी किल्ला त्याच्यापासून कांहीं तरी लपवून ठेवतोच. कपाटांतलें पहिलें पुस्तक काढावयाचें तें हेंच काढावें. सामग्री म्हणजे फांसे, पत्त्यांचा एक जोड, आणि येत्या शनिवारीं नक्की येतों म्हणणारे चार मित्र.